फंक्शनच्या पोटात फंक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीच्या मुलांना शिकवताना हेच प्रश्न दरवर्षी येतात, कधी मुलांकडून, कधी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलेल्या आईबाबांकडून. म्हणून एकदाच सगळे लिहून काढले. पुस्तकात फंक्शनला इंग्रजी अक्षरं असतात. इथे एफच्या जागी फ, जीच्या जागी ग, एचच्या जागी ह आणि एक्सच्या जागी आपला जुना क्ष वापरला आहे. क्ष-किरण आपण म्हणतोच, मग क्ष-समीकरणांना कशाला लाजायचं?

फंक्शन म्हणजे नेमकं काय? पुस्तकात ‘फलन’ म्हणतात ते हेच का?

हेच. फंक्शन म्हणजे एक ठरलेला नियम: आत एक संख्या घाला, बाहेर एकच संख्या येईल. आज ५ घातले की ११ आणि उद्या ५ घातले की १३, असं चालत नाही. फ(क्ष) = २क्ष + १ याचा अर्थ ‘जे येईल त्याची दुप्पट कर, मग १ मिळव’. क्ष हे फक्त जागेचं नाव आहे. तिथे ५ बसेल, −३ बसेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे ‘क्ष − ३’ सारखी एक अख्खी राशीही बसेल. शेवटचं वाक्य ज्याला पटलं त्याला पुढचं निम्मं पान वाचायची गरज नाही.

कंसात चल लिहिण्याची ही पद्धत ऑयलर या स्विस गणितज्ञानं १७३४ च्या सुमारास वापरात आणली.

दोन फंक्शन्सची बेरीज-वजाबाकी कशी करायची?

जशी संख्यांची करता तशीच. (फ + ग)(क्ष) म्हणजे फ(क्ष) + ग(क्ष). दोघांना एकच क्ष द्या, दोघांची उत्तरं घ्या, मिळवा. फ(क्ष) = क्ष + २ आणि ग(क्ष) = ३क्ष असेल तर बेरीज ४क्ष + २. वजाबाकी करताना मात्र दुसऱ्या फंक्शनला आधी कंसात ठेवा आणि मगच उणे चिन्ह लावा. त्या एका कंसासाठी किती गुण गेलेत, याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

गुणाकार-भागाकारातही तेवढंच?

कृती तेवढीच, पण इथे डोमेनकडे बघावं लागतं. डोमेन म्हणजे फंक्शनला कोणत्या संख्या चालतात त्यांचा संच. मराठी पुस्तकांत त्याला ‘प्रांत’ म्हणतात, आणि शब्द छान आहे: या हद्दीपलीकडे आमचा कायदा चालत नाही.

दोन फंक्शन्स एकत्र आली की जी संख्या दोघांना चालते तीच घेता येते. √(क्ष − २) ला क्ष किमान २ लागतो. √(५ − क्ष) ला क्ष जास्तीत जास्त ५ चालतो. त्यांच्या बेरजेला, वजाबाकीला, गुणाकाराला २ ते ५ एवढीच पट्टी उरते. भागाकारात आणखी एक अट वाढते, कारण खालचं फंक्शन शून्य होता कामा नये. √(५ − क्ष) छेदात असेल तर ५ स्वतःही बाद.

मग संयोजन म्हणजे काय? यात वेगळं काय घडतं?

बेरजेत दोन्ही फंक्शन्स शेजारी शेजारी बसून एकाच क्ष वर काम करतात. संयोजनात ती एकामागे एक उभी असतात. पहिल्याचं उत्तर हा दुसऱ्याचा कच्चा माल.

जमिनीच्या व्यवहारात हे रोज होतं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबारा वाचणारा गुंठ्यांत बोलतो आणि प्लॉट विकणारा चौरस फुटाचा भाव सांगतो. समजा भाव चौरस फुटाला ४०० रुपये आहे.

ग(क्ष) = १०८९क्ष (गुंठे घातले, चौरस फूट आले)
फ(य) = ४००य (चौरस फूट घातले, रुपये आले)

दोन्ही जोडले की फ(ग(क्ष)) = ४०० × १०८९क्ष = ४,३५,६००क्ष. आता गुंठे घातले की थेट रुपये बाहेर येतात. ५ गुंठ्यांचे २१,७८,००० रुपये. मधला चौरस फूट उत्तरात कुठे दिसतही नाही, पण त्याच्याशिवाय दोन टोकं जुळली नसती. उलट क्रमानं, म्हणजे आधी रुपयांचा भाव लावून त्या रुपयांना गुंठे समजून चौरस फूट काढले, तर आकडा येईल, अर्थ येणार नाही.

फ∘ग कुठून वाचायचं? डावीकडून की उजवीकडून?

उजवीकडून. (फ∘ग)(क्ष) = फ(ग(क्ष)). क्ष च्या सगळ्यात जवळ ग आहे, म्हणून ग आधी. मराठीत डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असल्यामुळे मुलं फ आधी लावतात, आणि त्यांची चूक म्हणावी तर तीही पूर्ण नाही, कारण खूणच उलटी लिहिली जाते. मी मुलांना सांगतो की चिन्ह विसरा, लगेच कंस उघडून लिहा. कंस कधी फसवत नाही, सगळ्यात आतला आधी सुटतो हे पाचवीपासून माहीत असतं.

पुस्तकातली तीन इंग्रजी अक्षरं सलग वाचली की ‘फॉग’ होतं, आणि उलट वाचली की ‘गॉफ’. वर्गात हेच शब्द चालतात. फॉगमध्ये ग शेवटी दिसतो पण आधी लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

क्रम बदलला तर उत्तर खरंच बदलतं का?

आधी चाळून मग दळणं आणि आधी दळून मग चाळणं यात काय फरक आहे ते आजीला विचारा. पहिल्यात खडे जातात, दुसऱ्यात कोंडा जातो. चाळणी तीच, गिरणी तीच, हातात येणारं पीठ मात्र वेगळं.

आकड्यांत बघायचं तर दुकानात चला. वस्तू २,००० रुपयांची. दहा टक्के सूट आहे आणि वर ३०० रुपयांचं कूपन. सूट म्हणजे स(क्ष) = ०.९क्ष, कूपन म्हणजे क(क्ष) = क्ष − ३००.

सूट आधी: क(स(२०००)) = १८०० − ३०० = १,५०० रुपये.
कूपन आधी: स(क(२०००)) = १७०० चे ९० टक्के = १,५३० रुपये.

वस्तू कितीचीही असो, फरक ३० रुपयेच. कारण पहिलं संयोजन आहे ०.९क्ष − ३०० आणि दुसरं ०.९क्ष − २७०. कूपन आधी लावलं की त्या ३०० रुपयांवरची सूट तुम्ही गमावता. बिल करणारा कोणता क्रम लावतो हे विचारणं यात काही गैर नाही.

क्रम बदलूनही उत्तर तेच येतं, असं कधी होतं?

होतं. दहा टक्के सूट आणि १८ टक्के जीएसटी घ्या. एक ०.९ नं गुणतो, दुसरा १.१८ नं. दोन्ही गुणाकारच असल्यामुळे क्रम कोणताही असो, २,००० चे २,१२४ च होतात. तसंच ‘५ मिळव’ आणि ‘८ वजा कर’ यांचं, किंवा वर्ग आणि घन यांचं. गुणाकार आणि बेरीज एकत्र आली की बहुतेक वेळा बिनसतं.

फ∘ग आणि फ·ग यात फक्त टिंबाचा फरक आहे. दोन्ही एकच ना?

नाही. पोकळ गोल म्हणजे संयोजन, भरीव टिंब म्हणजे गुणाकार. फ(क्ष) = क्ष + २ आणि ग(क्ष) = ३क्ष घेऊ, आणि क्ष = ४. गुणाकार ६ × १२ = ७२. फ∘ग मध्ये आधी १२, मग १४. ग∘फ मध्ये आधी ६, मग १८.

आता गंमत. याच दोघांची बेरीजही ४ साठी ६ + १२ = १८ च येते. मग ग∘फ आणि फ + ग एकच झाले का? नाही. एक ३क्ष + ६ आहे, दुसरं ४क्ष + २. ४ या एका ठिकाणी ते योगायोगानं भेटले, इतकंच. क्ष = १ घालून बघा, ९ आणि ६ येतील. ‘एक किंमत घालून पडताळलं’ असं म्हणणाऱ्यानं हे उदाहरण भिंतीवर लावावं. एका किमतीनं चूक पकडता येते, बरोबर असल्याची खात्री मिळत नाही.

आत संख्या नसून राशी असेल तर गोंधळ होतो. काय करू?

क्ष च्या जागी रिकामा कंस लिहा. खरंच, वहीवर. फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + १ असेल तर आधी

फ( ) = ( )² − ४( ) + १

असं लिहा आणि मग तिन्ही जागी जे आत जायचं आहे ते भरा. ग(क्ष) = क्ष − ३ असल्यास (क्ष − ३)² − ४(क्ष − ३) + १, आणि सोडवल्यावर क्ष² − १०क्ष + २२. कंस न लिहिणारा −४ नंतर ‘क्ष − ३’ थेट चिकटवतो. मग +१२ च्या जागी −३ येतात आणि शेवटी २२ ऐवजी ७. पडताळा: ग(५) = २, फ(२) = −३, आणि २५ − ५० + २२ = −३. चुकीच्या उत्तरात −१८ आले असते.

संयोजनाचं डोमेन काढताना नेहमी चुकतं. नेमकं काय तपासायचं?

हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा थांबून.

दोन दारं आहेत. पहिलं आतल्या फंक्शनचं: क्ष ला ग मध्ये प्रवेश आहे का? दुसरं बाहेरच्याचं: ग मधून जे बाहेर आलं त्याला फ मध्ये प्रवेश आहे का? दोन्ही दारं ओलांडली तरच क्ष आत.

ग(क्ष) = √(क्ष − ३) आणि फ(क्ष) = १/(क्ष − २) घ्या. पहिल्या दाराशी क्ष किमान ३ हवा. दुसऱ्या दाराशी ग चं उत्तर २ नको. ते २ कधी होतं? क्ष − ३ = ४ असताना, म्हणजे क्ष = ७. तेव्हा डोमेन: ३ आणि त्यापुढच्या सगळ्या संख्या, ७ सोडून. इथे बरीच मुलं ‘२ सोडून’ लिहितात. २ हा फ च्या दारावरचा नियम आहे, आपल्याला क्ष च्या भाषेत उत्तर हवंय. आणि २ तर पहिल्याच दाराशी अडला होता.

यापेक्षा फसवी उदाहरणं म्हणजे सोडवल्यावर साधी दिसणारी. फ(क्ष) = १/क्ष आणि ग(क्ष) = १/क्ष. संयोजन होतं क्ष. इतकं सोज्वळ उत्तर बघून वाटतं की कोणतीही संख्या चालेल. पण शून्य पहिल्या दारातच अडतं. म्हणून डोमेन शेवटच्या रूपावरून कधी काढू नका, सोपं करण्याआधी काढा.

आणि हे बघा: फ(क्ष) = क्ष², ग(क्ष) = √क्ष. फ∘ग मध्ये आधी वर्गमूळ, मग वर्ग. उत्तर क्ष, पण फक्त शून्य आणि धन संख्यांसाठी. ग∘फ मध्ये आधी वर्ग, मग वर्गमूळ. कोणतीही संख्या चालते, पण उत्तर क्ष नाही, |क्ष| आहे. −६ घाला: वर्ग ३६, मूळ ६. उणे चिन्ह वाटेत गळालं. ‘वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खातात’ हे शाळेत ऐकलेलं वाक्य अर्धवट आहे ते इथे कळतं.

कधी कधी दोन्ही दारं ओलांडणारं कुणीच नसतं. ग(क्ष) = −क्ष² − १ नेहमी ऋण, आणि फ(क्ष) = √क्ष ला ऋण चालत नाही. वास्तव संख्यांत हे संयोजनच नाही. असं उत्तर लिहायला मुलं घाबरतात. घाबरू नका.

तीन फंक्शन्स असतील तर कुठे कंस घालायचा?

कुठेही. (फ∘ग)∘ह आणि फ∘(ग∘ह) एकच. जोड्या कशाही लावा, रांगेतला क्रम मात्र हलवू नका.

एखादं मोठं फंक्शन तोडून दाखवा असा प्रश्न येतो. त्याचा उपयोग काय?

√(३क्ष² + १) मध्ये आत ३क्ष² + १ आहे, बाहेर वर्गमूळ. ही एक फोड. वर्ग करणं आत ठेवून बाहेर √(३क्ष + १) ठेवलं तरी चालतं. एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून मित्राचं वेगळं आलं की खोडायची घाई करू नका. उपयोग बारावीला कळतो: अवकलनाचा साखळी नियम म्हणजे बाहेरून आत एकेक थर सोलत जाणं. ज्याला थर दिसत नाहीत तो सूत्र पाठ करूनही अडतो.

फंक्शनमध्ये तेच फंक्शन घातलं तर?

चालतं की. फ∘फ, फ∘फ∘फ, कितीही वेळा. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्याकडचंच आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी चार अंकी संख्यांचा एक खेळ मांडला. नियम: अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, पहिल्यातून दुसरी संख्या वजा करा. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट.

३५२४ घेऊ. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर तोच नियम: ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी तिथेच थांबली. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात वेळा हे फंक्शन लावलं की ६१७४ येतंच. उत्तर तीन अंकी झालं तर पुढे शून्य लावून चार अंक पुरे करायचे. हा ‘कापरेकर स्थिरांक’ जगभर ओळखला जातो, आणि त्यामागे एकाच फंक्शनचं स्वतःशी पुन्हा पुन्हा संयोजन आहे.

फ² म्हणजे फ∘फ की फ चा वर्ग?

दुर्दैवानं दोन्ही. बीजगणितात बरेचदा फ∘फ, पण त्रिकोणमितीतल्या साइनवर २ लिहिला की उत्तराचा वर्ग. आणि त्याच साइनवर −१ लिहिलं की साइनचं काम उलटवणारं व्यस्त फंक्शन, एक भागिले साइन नव्हे. ही −१ ची खूण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये मांडली. त्यांच्या मते साइनवरच्या २ चा अर्थही ‘साइनची साइन’ असाच हवा होता. ते ऐकलं गेलं नाही आणि विसंगती आपल्या पदरात आली. परीक्षेत शंका असेल तर (फ(क्ष))² असं पूर्ण लिहा.

व्यस्त फंक्शनचा संयोजनाशी काय संबंध?

व्यस्त फंक्शन म्हणजे केलेलं काम उलटवणारं. फ नंतर ते लावलं की क्ष परत क्ष. आणि लांबलचक संयोजन उलटवायचं असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतात: प्रत्येक पायरी उलटी करायची आणि पायऱ्यांचा क्रमही उलटा करायचा. (फ∘ग) चं व्यस्त म्हणजे आधी फ चं व्यस्त, नंतर ग चं.

हे भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ११५० च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. तिथे याला व्यस्तविधी म्हटलं आहे: ‘छेदं गुणं गुणं छेदं वर्गं मूलं पदं कृतिम्’. भागाकाराचा गुणाकार करा, गुणाकाराचा भागाकार, वर्गाचं मूळ, मुळाचा वर्ग. पुढच्या ओळीत ऋणाचं धन आणि धनाचं ऋण.

तिथलंच उदाहरण: एक संख्या तिनानं गुणली, आलेल्यात त्याचाच पाऊण हिस्सा मिळवला, सातानं भागलं, त्यातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, दहानं भागलं. उत्तर २ आलं. संख्या कोणती?

क्ष धरून समीकरण मांडायला गेलात तर पान भरेल. शेवटाकडून चला. २ ला दहानं गुणा, २०. आठ काढा, १२. वर्ग करा, १४४. बावन्न मिळवा, १९६. वर्गमूळ, १४. एक तृतीयांश गेल्यावर १४ उरले, म्हणजे आधी २१ होते. सातानं गुणा, १४७. पाऊणपट मिळवून १४७ झाले, म्हणजे मूळचे ८४. तिनानं भागा, २८.

यात दोन पायऱ्या चकवणाऱ्या आहेत. एक तृतीयांश वजा केला होता म्हणून एक तृतीयांश मिळवायचा, असं नाही, १४ चा निम्मा मिळवायचा. तसंच पाऊण मिळवला म्हणून पाऊण काढायचा नाही, तीन सप्तमांश काढायचे. भास्कराचार्यांनी यासाठी वेगळी सूचना दिली आहे: हिस्सा मिळवला असेल तर छेदात अंश मिळवा (४ + ३ = ७), वजा केला असेल तर छेदातून अंश काढा (३ − १ = २), अंश तोच ठेवा. दहा टक्के सूट दिलेल्या किमतीत दहा टक्के मिळवून मूळ किंमत काढणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

प्रत्येक फंक्शनला व्यस्त असतं का?

नाही. दोन वेगळ्या संख्या एकाच उत्तराला पोचत असतील तर परत येताना कुणाकडे जायचं? वर्ग करताना ६ आणि −६ दोन्ही ३६ ला पोचतात. म्हणून आधी डोमेन कापायचं, ऋण बाजू सोडायची, मग वर्गमूळ हे व्यस्त ठरतं. लीलावतीतल्या गणितातही दोन ठिकाणी वर्गमूळ येतं आणि तिथे धन किंमत धरलेली आहे.

सरावाला दोन-तीन गणितं द्या.

फ(क्ष) = २क्ष − ५ आणि ग(क्ष) = क्ष² + १. फ∘ग आणि ग∘फ काढा. मग ते कोणत्या क्ष ला सारखे येतात ते शोधा.

फ(क्ष) = √क्ष आणि ग(क्ष) = ९ − क्ष². फ∘ग चं डोमेन सांगा.

एका संख्येत ४ मिळवले, पाचानं गुणलं, त्यातून १० वजा केले, वर्गमूळ काढलं, ५ आले. संख्या?

उत्तरं: पहिल्यात २क्ष² − ३ आणि ४क्ष² − २०क्ष + २६. सारखे मांडले की २क्ष² − २०क्ष + २९ = ०, म्हणजे क्ष = ५ ± √४२/२. दुसऱ्यात −३ ते ३, दोन्ही टोकं धरून. तिसऱ्यात ३.